बाकी, चालते, परत

मंगळवार, १८ नोव्हेंबर. आजचं काम: खापरखेड्याला जाऊन लांजेवारांच्या घरून पाकीट आणणे. मुदत: उद्या दुपारी बारा.

एवढं टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहिलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. लांजेवार असते तर हे वाचून त्यांनी लगेच विचारलं असतं, "आणाले कोण जाऊन राहिलं? अन् आणलेलं पाकीट तेच हाये हे कोण सांगन?" सुखदेव लांजेवार आता नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. आमच्या कंपनीत ते नऊ वर्षं होते, त्यातली सात माझ्या हाताखाली. त्या सात वर्षांत त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे असं मला एकाही दिवशी वाटलं नाही. माझाही त्यांच्यावर नव्हता. आमचं बरं चाललं.

कंपनी नागपूरच्या मिहानमध्ये आहे, लहानशी. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमध्ये ज्या पॅथॉलॉजी लॅब आहेत, त्यांना आम्ही संगणक बसवून देतो आणि ते चालू ठेवतो. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट या संगणकांवर निघतात. ते लिनक्सवर चालतात. लिनक्सचं सॉफ्टवेअर लहान लहान गठ्ठ्यांत येतं, त्यांना पॅकेज म्हणतात, आणि या पॅकेजांची मोठमोठी भांडारं जगभर इंटरनेटवर आहेत. आमच्या लॅबच्या संगणकांनी मात्र थेट तिथून काही घ्यायचं नाही. त्या भांडाराची हुबेहूब प्रत आमच्या सर्व्हरवर असते. तिला मिरर म्हणतात. सदतीस लॅबचे संगणक रोज सकाळी अकराला त्या मिररकडे पाहतात आणि काही नवं असेल तर उचलतात. मिररवर काय ठेवायचं आणि काय नाही, हे लांजेवार ठरवत.

मी रुजू झाले त्या दिवशी सर्व्हरच्या खोलीच्या दारात एक सडसडीत, पन्नाशीतला माणूस उभा होता. खिशाला दोन पेनं, पायात कारखान्यात देतात तसले जाड बूट. मी सांगितलं, मी नवी विभागप्रमुख, देवपुजारी. आत जायचं आहे. त्यांनी कार्ड मागितलं, उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं. "कार्ड चांगलं हाये," म्हणाले आणि दारातून हलले नाहीत. मी म्हटलं, कार्डावर ऑफिसचा नंबर आहे, लावून विचारा. त्यांनी खिशातून लहान डायरी काढली, डोळ्यांपासून लांब धरून तिच्यातला नंबर शोधला आणि तो लावला. पलीकडून माझं नाव, उंची, चष्मा एवढं सगळं वदवून घेतल्यावर दार उघडलं.

"कार्डावर आहे तोच नंबर लावलात ना शेवटी?" मी विचारलं.

"हाव. तोच निघाला."

"मग कार्डावर पाहून लावायला काय हरकत होती?"

"मॅडम, कार्ड खोटं असलं त त्यावरचा नंबर बी त्यानंच छापला असन. अन् थो फोन त्याचाच भाऊ उचलन." मग ते बाजूला झाले. "ज्या वाटेनं माल आला, त्याच वाटेनं त्याची खात्री आणाची नाई."

वीस मिनिटं मी दारात उभी होते. हा माणूस फार दिवस टिकणार नाही, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं.

लांजेवार मुळात स्टोअरकीपर. आमच्याकडे येण्याआधी एका वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते. बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, हजारो जातींचे नटबोल्ट. तिथे आलेला माल आधी एका कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी लावून ठेवायचे. चिठ्ठीवर "बाकी", म्हणजे तपास बाकी. तपासून बरा निघाला की हिरवी चिठ्ठी, "चालते". नाहीतर लाल, "परत". स्टोअरमध्ये संगणक आले तेव्हा बाकीचे लोक त्यांना घाबरले आणि लांजेवारांनी त्यांच्यावर संशय घेतला. यंत्र आत काय करतं हे कळल्याशिवाय त्यात नोंद करणार नाही, म्हणून हट्टाने शिकले. ज्याच्या आतलं सगळं उघडून वाचता येतं असं लिनक्स हाती लागलं तेव्हा त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं झालं असावं. पुढे नोकरी लवकर सोडून ते आमच्याकडे आले.

आमच्या सर्व्हरवरही त्यांनी तीन कप्पे केले होते आणि त्यांची नावं तीच ठेवली होती: बाकी, चालते, परत. बाहेरच्या भांडारातून आणलेलं पॅकेज आधी "बाकी"त पडायचं. प्रत्येक भांडाराची एक गुप्त किल्ली असते. त्या किल्लीने ते आपल्या मालावर सही करतं, आणि तिची उघडी जोडकिल्ली आपल्याकडे असली की सही खरी की खोटी हे ताडून पाहता येतं. लांजेवार सही तर पाहतच, पण ती पटली तरी माल दहा दिवस "बाकी"तच बसे. "सडलं असन त दहा दिवसांत वास येते," हे त्यांचं गणित. जगात आधी दुसऱ्या कोणीतरी ते वापरावं, बोंब झाली तर होऊ द्यावी, आपण नंतर. दहा दिवसांनी ते पॅकेज "चालते"त जाई, त्यावर आमची स्वतःची सही होई, आणि मग लॅबना दिसे.

मिरर हा शब्द त्यांना पसंत नव्हता. "आरशात उजवा हात डावा दिसते. याले मिरर काहून म्हणते, मॅडम?" ते त्याला स्टोअरच म्हणत. आणि "चालते" हा शब्द त्यांच्या तोंडी इतरांसारखा नव्हता. नागपुरात चहा कमी गोड झाला तरी चालते आणि बस चुकली तरी चालते. लांजेवारांना कोणी विचारलं, "पाच मिनिटं उशीर झाला तर चालते ना?" तर ते म्हणत, "थे पाहाले लागन." हा शब्द त्यांनी शिक्क्यासारखा जपून ठेवला होता.

वरचे साहेब कुरकुर करायचे. सगळं जग आज घेतं ते आपण दहा दिवसांनी घेतो, ही काय पद्धत? मी लांजेवारांना म्हटलं की निदान तातडीचं तरी लवकर सोडा. ते म्हणाले, "तातडीचा माल दोनदा तपासा लागते. घाई विकणाऱ्याले बी असते." मला त्यात अडेलपणा दिसायचा. ते सर्व्हरला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, सुट्टी घेत नसत, आणि स्क्रीनजवळ कोणी आलं की ती काळी करत. अशा माणसाबद्दल जे वाटतं ते मला वाटू लागलं होतं.

मी येऊन दीड वर्ष झालं असेल तेव्हा आमचे बोरकर एक कागद घेऊन आले. बोरकर नेटवर्क पाहतात. स्वभावाने गरीब, पण नजर कागदावर. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, मी काई म्हणून नाई राहिलो. फक्त दाखवून राहिलो."

दर शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या सर्व्हरवरून एक फाइल बाहेर जात होती. खापरखेड्याला, एका घरच्या कनेक्शनवर. गेलं वर्षभर, एक शनिवार न चुकता. घर कोणाचं हे विचारायची गरज नव्हती. फाइलमध्ये काय असतं ते बोरकरांनी पाहिलं होतं: लॅबच्या संगणकांवर कोणतं पॅकेज, कोणत्या आवृत्तीचं, त्याची पूर्ण यादी. कोणत्या घराला कोणतं कुलूप आहे, याची यादी बाहेर देण्यासारखंच ते होतं. लॅबमध्ये लोकांचे आजार साठवलेले असतात.

मी लांजेवारांना काही विचारलं नाही. विचारलं तर ते सावध होतील, असं वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी ते निघून गेल्यावर मी सर्व्हरवरून त्यांचा प्रवेश काढून टाकला. सोमवारी साहेबांसमोर बसवून विचारायचं ठरवलं. शनिवारी त्यांची सुट्टी असे. सर्व्हरचं जे काही असेल ते घरून बघत. त्या शनिवारी ते काम मी करायला बसले.

करण्यासारखं फार नव्हतं. बाहेरून नवा माल आणायचा, एवढंच. पण तो येईना. ज्या साइटवरून आम्ही आणत होतो तिथल्या मालावरची सही ओळखीची नाही, असं सर्व्हर सांगू लागला. मी त्या साइटवर गेले. तिथे पहिल्याच पानावर सूचना होती: आमची किल्ली बदलली आहे, नवी इथून घ्यावी. घेतली, सर्व्हरला लावली, आणि सगळं सुरळीत चालू झालं. साहेबांची कुरकुर आठवली. आता दहा दिवसांची अट घालणारं कोणी नव्हतं. आलेला सगळा माल मी "बाकी"तून सरळ "चालते"त टाकला, आमची सही केली आणि चार वाजायच्या आत घरी गेले. रविवारी अकराला संगणक काही उचलत नाहीत, लॅबना सुट्टी. म्हणजे सोमवारी अकराला सदतीस लॅबमध्ये तो माल जाणार होता.

सोमवारी साडेनऊला मी पोहोचले तर लांजेवार माझ्या केबिनबाहेर बाकावर बसले होते. हेल्मेट मांडीवर. खापरखेड्याहून मिहान म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मोटारसायकलवर आणि बुटांवर नेहमी वीज केंद्राच्या राखेचा बारीक थर असे. त्या दिवशी तो पुसलेला नव्हता.

मी आत बोलावलं. वाटलं, आता हा माणूस चिडणार किंवा पाया पडणार.

"माझी किल्ली काढली, थे ठीक," ते म्हणाले. "तुमाले अधिकार हाये. पण नवी कोणाची लावली?"

"कसली नवी?"

"आल्याबरोबर माया टेबलावरच्या संगणकानं सांगतलं. स्टोअरमध्ये एक नवी किल्ली हाये. थे त्या भांडाराचीच हाये, हे तुमाले कोणी सांगतलं?"

"त्यांच्या साइटवरच सूचना होती."

त्यांनी हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं. "म्हणजे चोरानंच सांगतलं का मी चोर नाई."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेले कागद काढले. शनिवारी चारला यादी आली नाही, म्हणून त्यांना संशय आला. घरी त्यांचा एक जुना संगणक होता आणि त्यावर त्याच भांडाराची आणखी एक प्रत होती, पण दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या साइटवरून, स्वतःच्या घरच्या कनेक्शनने आणलेली. दर शनिवारी आमच्या सर्व्हरवरची यादी तिकडे जात होती ती त्या प्रतीशी ताडून पाहायला. दोन वाटांनी आलेला एकच माल एकसारखा आहे की नाही, एवढंच. प्रत्येक पॅकेजपुढे आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ असते. पॅकेजमध्ये एक टिंब जरी बदललं तरी ती ओळ पूर्ण बदलते. त्यांच्या यादीत कुठेही नव्या किल्लीचा पत्ता नव्हता. खऱ्या भांडाराने किल्ली बदललीच नव्हती.

"फोन का नाही केलात?" मी विचारलं.

"माया आवाजात कोणी बी बोलू शकते. अन् तुमी उचलला असता काय?"

उचलला नसता.

आम्ही समोरासमोर बसून ओळी वाचल्या. ते कागदावरची वाचत, मी स्क्रीनवरची. पहिली चार अक्षरं, शेवटची चार अक्षरं. तीन पॅकेजं जुळली नाहीत. त्यातलं एक पासवर्ड तपासणारं होतं. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी सर्व्हरच्या खोलीत गेले आणि नेटवर्कची वायर हाताने उपटली.

सदतीसपैकी छत्तीस लॅब वाचल्या. एका तालुक्याच्या गावी तिथल्या बाईंनी सकाळी लवकर येऊन अपडेटचं बटण हाताने दाबलं होतं. त्या लॅबने दोन दिवस रिपोर्ट हाताने लिहून दिले आणि बोरकर जाऊन तिथला संगणक कोरा करून आले. चूक माझी होती, असं मी साहेबांना लेखी कळवलं.

पण संशय असा एका सकाळीत जात नाही. संध्याकाळी माझ्या मनात आलं: ज्याच्या खिशात उत्तर तयार होतं, त्यानेच प्रश्न पेरला नसेल कशावरून? मी लांजेवारांना सांगितलं, मला तुमच्या घरचा तो संगणक पाहायचा आहे. आज, आत्ता. त्यांचा अपमान होईल याची तयारी ठेवली होती. लांजेवार हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"आता बरोबर बोलल्या," म्हणाले.

त्यांचं घर वीज केंद्राच्या कॉलनीबाहेर, दोन खोल्यांचं. तो संगणक लोखंडी पेटीवर ठेवलेला आणि त्यावर भरतकाम केलेला रुमाल. मी दोन तास बसून तपासला. ते मागे उभे राहिले, एकदाही बोट दाखवलं नाही. त्यांच्या पत्नी सुमनताई चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

"सापडलं काय काई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मले बी नाई सापडलं. इतके वर्षं पाहून राहिली." मग नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "बजारात जाते त पिशवीत आपलं अर्ध्या किलोचं वजन घेऊन जाते हा माणूस. पह्यले भाजीवाल्याच्या तराजूत थे ठेवते. भाजीवाले यायले पाहून दुकान झाकते, मॅडम."

"झाकणारा झाकते," लांजेवार म्हणाले. "जो नाई झाकत त्याच्याकडून घेतो."

मी माफी मागितली नाही. त्यांनी अपेक्षा केली नसावी. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रवेश परत द्यायला बसले तर त्यांनीच थांबवलं. "लगेच नोका देऊ. माया घरचं तुमी एकदाच पाहिलं. दहा दिवस थांबा." आणि दहा दिवस ते रोज येऊन बाकावर बसल्यासारखे आपल्या टेबलाशी बसून राहिले, बोरकरांना तोंडाने सांगून कामं करून घेतली. अकराव्या दिवशी मी प्रवेश दिला. त्यांनी तारीख डायरीत लिहिली.

त्याच महिन्यात त्यांनी दोन कुलपांची पद्धत आणली. वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये तांब्याच्या तारेच्या खोलीला दोन कुलपं असत आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे. आमची सही करायची किल्ली एका जुन्या लॅपटॉपवर गेली. त्याला इंटरनेट कधी लागलेलं नाही आणि तो लोखंडी कपाटात असतो. तिचा पासवर्ड लांबलचक. पहिला अर्धा माझ्याकडे, दुसरा अर्धा त्यांच्याकडे. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. "चालते"त काही सोडायचं तर दोघं हजर हवेत. पुढची जवळजवळ सहा वर्षं दर गुरुवारी आम्ही दोघं आळीपाळीने भिंत पाहायचो. त्या भिंतीला गेलेला तडा मला पाठ आहे.

त्या किल्लीला मुदत एक वर्षाची. कायमची करता येते. तसं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. ते म्हणाले, "दरसाल कोणी तरी येऊन पाहाले पाहिजे ना, आपण अजून हावो का नाई." त्यामुळे दर नोव्हेंबरात मुदत वाढवायची आणि लॅबना कळवायचं. आणि मला सांगून ठेवलं होतं, "मी नसलो त घरी पाकीट हाये. बाईकडून घेजा."

सप्टेंबरअखेर त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी भेटायला गेले. हृदयाचं दुखणं होतं. हातात रक्ताचा रिपोर्ट होता, पण ते आकडे पाहत नव्हते, कागदाची तळाची ओळ वाचत होते. रिपोर्ट आमच्याच एका लॅबच्या संगणकावरून निघालेला होता.

"कोणती आवृत्ती चालवून राहिले पाहा," म्हणाले. "आपल्याच स्टोअरचा माल हाये."

"मग रिपोर्ट बरोबर असेल."

"छपाई बरोबर अशीन," ते म्हणाले. "रक्ताचं मी कसं सांगू?"

चौथ्या दिवशी ते गेले. नंतर दिवाळी आली, आणि दुःखाच्या घरी कागद मागायला जाणं मी पुढे ढकलत राहिले. त्यामुळे अठरा तारीख उजाडली. उद्या बाराला किल्लीची मुदत संपणार. संपली की आमची सही लॅबचे संगणक ओळखणार नाहीत, आमच्याकडून काही घेणार नाहीत. तेही एरवी चाललं असतं. पण एका पॅकेजात मोठं भोक निघालं होतं, त्याची दुरुस्ती दहा दिवस "बाकी"त बसून उद्याच निघायची होती. भोक बुजवलं नाही तर बाहेरचा माणूस लॅबमध्ये शिरून कोणाचा रिपोर्ट वाचू शकत होता, बदलूही शकत होता. पासवर्डाचा माझा अर्धा भाग एकटा निरुपयोगी होता. लांजेवार दवाखान्यात गेल्यापासून "चालते"त काहीच सोडता आलं नव्हतं.

दुपारी तीनला खापरखेड्याला पोहोचले. सुमनताईंनी दारातच बसायला खुर्ची दिली.

"पाकीट ना? हाये," म्हणाल्या. "पण याईनं सांगून ठेवलं हाये कसं द्याचं ते."

त्यांनी कोनाड्यातून ती लहान डायरी काढली, लांब धरून नंबर शोधला आणि आमच्या ऑफिसला लावला. मी नंबर सांगायला तोंड उघडलं तर हातानेच थांबवलं. फोन बोरकरांनी उचलला.

"तुमच्या मॅडम कुठं हायेत, भाऊ? ... खापरखेड्याले? काहून? ... बरं. त्याईच्या गाडीचा नंबर सांगा." मग उठून फाटकापर्यंत गेल्या, माझ्या गाडीचा नंबर एकेक आकडा वाचला आणि परत आल्या.

"काकू, मी तुमच्याकडे येऊन गेलेय. चहा घेतलाय."

"तोंड तेच हाये," त्या म्हणाल्या. "पण तोंडावर काई देऊ नोको म्हणे."

पाकीट पेटीतून निघालं. चिकटवलेल्या तोंडावर आडवी सही, आणि सहीवर टेप. त्याबरोबर एक लांबट रजिस्टर होतं, स्टोअरचं असतं तसं. "हे बी पाहून घ्या. तुमचं नाव हाये त्यात." त्यात माणसं होती. तारीख, नाव, कोणाकडून खात्री केली, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. दूधवाला, वायरमन, जावई, बोरकर. बहुतेकांपुढे "बाकी".

सुमनताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं स्वतःचं नाव, पुढे "चालते", आणि मागच्या वर्षीची तारीख.

"लग्नाले अडतीस वर्षं झाले, अन् मंजुरी मागच्या साली भेटली," त्या म्हणाल्या. "मले सांगतलं बी नाई. गेल्यावर पाहिलं म्या." त्यांनी रजिस्टर मिटलं, परत उघडलं, ती ओळ परत पाहिली.

माझं नाव त्याच पानावर होतं. रुजू झाल्याची तारीख, आणि नंतर दरवर्षीची एक. प्रत्येक वर्षी "बाकी". शेवटची मागच्या नोव्हेंबरातली.

पाकीट मी तिथेच, त्यांच्यासमोर उघडलं. आत पासवर्ड नव्हता. एक छापील कागद होता, निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांच्या वीसेक ओळी. तो काय आहे ते मला लगेच कळलं: किल्ली रद्द करण्याचा दाखला, जो किल्ली बनवतानाच करून ठेवतात आणि ज्याला पुढे पासवर्ड लागत नाही. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं:

"मॅडम, माझा अर्धा भाग कुठे लिहिलेला नाही. शोधू नये. मुदत वाढवू नये. मेलेल्या माणसाची सही मालावर नको. ही किल्ली रद्द करून नवी करावी. लॅबना फोनने कळवावे. वाटेत घाई करू नये."

मला राग आला. उद्या बाराच्या आत सदतीस लॅब. हे तोंडाने सांगितलं असतं तर मी महिनाभर आधी केलं असतं. सुमनताईंना कागद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "घरी बी असंच. किल्ली लपवून ठेवे अन् मंग म्हणे, शोधू नोको." चहा न घेता निघाले. वाटेत घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी ऑफिसात पोहोचले. बोरकरांना बोलावून घेतलं होतं. कपाटातला लॅपटॉप काढला, जुनी किल्ली रद्द केली, नवी बनवायला घेतली. मुदत किती, असं लॅपटॉपने विचारलं. शून्य लिहिलं तर कायमची.

"शून्य टाकून द्या, मॅडम," बोरकर म्हणाले. "दरसालचा ताप कायले?"

मी एक वर्ष लिहिलं. पहिला अर्धा पासवर्ड मी घातला, बोरकर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग मी. तडा थोडा वाढलाय. जुनी किल्ली रद्द झाल्याचं आणि नवी आल्याचं सर्व्हरवर चढवलं, आणि नव्या किल्लीची चाळीस अक्षरांची खूण, चार-चारचे दहा गट, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढली. लॅबमधल्या माणसाने संगणकावर दिसणारी खूण आणि मी फोनवर सांगितलेली खूण ताडून पाहायची. जुळली तरच "हो" दाबायचं.

आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन नरखेडला लावला. तिथल्या लॅबमधल्या वंदनाताईंना आमच्या लांजेवारांनी दोन वर्षांपूर्वी काम शिकवलं होतं. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि पहिला गट वाचायला सुरुवात केली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुमी देवपुजारी मॅडमच हा कशावरून?"

"वंदनाताई, सदतीस लॅब आहेत."

"असू द्या. लांजेवारसाहेब म्हणत, आकडे सांगाले कोणाचा बी फोन येऊ शकते."

मी हातातला कागद खाली ठेवला. "बरोबर आहे. फोन ठेवा. तुमच्याकडे आमचा नंबर लिहिलेला असेल, जुना. तो लावा."

त्यांनी ठेवला. मी रिसिव्हर जागेवर ठेवून बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. बोरकरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग फोन वाजला. मी उचलला, नाव सांगितलं, आणि पहिल्या गटापासून परत वाचायला लागले.